आरटीआय, सेवा हक्क की हायकोर्ट: आधी कुठे जायचं?

पालिकेच्या कारभाराला वैतागलेला ठाणेकर किंवा नवी मुंबईकर तीनपैकी एक गोष्ट हमखास बोलतो: आरटीआय टाकतो, वरपर्यंत तक्रार करतो, नाहीतर सरळ हायकोर्टात जातो. तिन्ही मार्गांना कायद्याचं बळ आहे (तक्रारीला सेवा हक्क कायद्याचं), पण प्रत्येकाचं काम निराळं. कुठला धरायचा हे ठरवत असाल तर आधी एक प्रश्न सोडवून घ्या: तुमचं अडलेलं काम नेमकं कोणाच्या हातात आहे?

आपल्याकडे हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. पाम बीच रोड नवी मुंबई महापालिकेचा, तर सायन-पनवेल महामार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचा. घोडबंदर रोडवर मेट्रो ४ चं काम एमएमआरडीएचं. न्हावा-शेवा बंदर केंद्राच्या अखत्यारीत. बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडमध्ये. संविधानाच्या सातव्या अनुसूचीने केंद्र आणि राज्य यांची कामं वाटून दिली आहेत आणि महापालिका राज्याच्या वाट्याला येतात. 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी 18 विषय घातले खरे, पण ते पालिकेला किती द्यायचे हे राज्य विधिमंडळच ठरवतं. म्हणून नवी मुंबईत पाणी आणि कचरा पालिकेकडे असला, तरी सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीचे व्यवहार सिडकोकडेच जातात. सिडको ही राज्य सरकारची कंपनी, 1970 पासूनची. पालिका आली 1992 मध्ये.

काम कोणाचं हे कळत नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: माहिती अधिकारापासून, म्हणजे आरटीआयपासून, सुरुवात करा. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तरी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं 2005 च्या कायद्याने बंधनकारक केलं आहे. बाकीच्या दोन मार्गांत अशी सवलत नाही. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला 30 दिवस. कोणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तास. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे आणि दुसरं राज्य माहिती आयोगाकडे. आयोगाची तारीख मिळायला मात्र बराच काळ जातो.

अर्ज लिहिताना "रस्ता खराब का आहे?" असं विचारलंत तर हाती काही लागत नाही, कारण कायदा कागद देतो, खुलासे देत नाही. "अमुक चौक ते तमुक चौक या रस्त्याच्या कामाच्या कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तकाच्या संबंधित पानांच्या प्रती, दोषदायित्व कालावधी कधी संपतो हे दाखवणारा कागद" असं मागा. दोषदायित्व कालावधी चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने व्हायला हवी, आणि हे एकदा कागदावर आलं की पालिकेतल्या बैठकीचा सूर बदलतो. अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, हा महाराष्ट्राचा नियम आहे.

बरेच जण सोसायटीच्या कमिटीवरच आरटीआय टाकायला निघतात. सहकारी संस्था सरसकट "सार्वजनिक प्राधिकरण", म्हणजे आरटीआय लागू असलेली संस्था, ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं आहे. सहकार खात्याच्या उपनिबंधकांच्या कार्यालयात सोसायटीचे जे कागद असतात ते तिथे मागा.

माहिती मिळाली म्हणजे काम झालं असं नाही. दाखला, नळजोडणी, विवाह नोंदणी, भोगवटा प्रमाणपत्र अशी ठरलेली सेवा अडली असेल, तर आरटीआयमध्ये महिना घालवूच नका. त्यासाठी 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते, नकार दिला तर कारण लेखी द्यावं लागतं, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. दोन अपिलं कार्यालयातच, तिसरं सेवा हक्क आयोगाकडे. पोचपावती मात्र जपून ठेवा, कारण मुदत तिच्यावरूनच मोजली जाते. सेवा अधिसूचित यादीत नसेल तर हा कायदा उपयोगाचा नाही.

आता हायकोर्ट. संविधानाच्या अनुच्छेद 32 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, पण फक्त मूलभूत हक्कासाठी, आणि तिथेही बहुधा आधी उच्च न्यायालयात जा असंच सांगितलं जातं. अनुच्छेद 226 व्यापक आहे: मूलभूत हक्कांबरोबर इतर कायदेशीर हक्कांसाठीही दाद मागता येते, आणि पालिका, सिडको, पोलीस सगळे त्याच्या कक्षेत येतात. बिल्डर सहसा येत नाही, त्याच्यासाठी महारेरा हे गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं प्राधिकरण आहे. दुसरा उपाय हाताशी असताना तुम्ही आलातच कसे, हा तिथला पहिला प्रश्न असतो. शिवाय वादग्रस्त वस्तुस्थितीसाठी अशा (रिट) याचिकेत न्यायालय सहसा साक्षीपुरावा घेत बसत नाही. आरटीआयमधून मिळालेल्या प्रमाणित प्रती इथे कामाला येतात.

पण काही वेळा थांबणंच चूक असतं. खाडीकाठच्या तिवरांवर रात्रीतून भराव पडत असेल तर 30 दिवसांनी मिळालेली माहिती काय करायची? कांदळवनं तोडणं म्हणजे अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये ठरवलं. अशा वेळी तारीख दिसणारे फोटो काढा, वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे आणि पोलिसांकडे लेखी तक्रार द्या, आणि हालचाल दिसली नाही तर लगेच वकील गाठा.

कुणाला पोलिसांनी नेलं आणि 24 तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं नाही, तर देहोपस्थितीची (हेबियस कॉर्पस, म्हणजे त्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करा अशी) याचिका हाच मार्ग. तिथे कुठलाही अर्ज आधी करायची गरज नाही.

वकिलाच्या फीमुळे पाऊल अडत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीत असलेले लोक यांना 1987 च्या कायद्यानुसार मोफत वकील मिळतो. त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही.