ॲम्नेस्टीची ‘अर्जंट ॲक्शन’ : सोलापुरातून पत्र पाठवणाऱ्यांसाठी

चार हुतात्मा पुतळ्यावरून रोज ये-जा करणाऱ्या सोलापूरकराला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, काय असतो हे समजावून सांगावं लागत नाही. परमुलखात आंदोलन केलं म्हणून आत टाकलेल्या माणसासाठी इथं बसून काय करता येईल, तर ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेची ‘अर्जंट ॲक्शन’ ही सेवा : ॲम्नेस्टी एका कैद्याबद्दल पत्रक काढते, आणि ते वाचून लोक संबंधित अधिकाऱ्यांना पत्रं लिहितात. फुकट आहे, आणि नीट वापरली तर कामाची आहे.

सुरुवात 1973 ची. ब्राझीलच्या लष्करी राजवटीनं लुईझ बासिलिओ रॉसी या प्राध्यापकांना अटक केली, तेव्हा देशोदेशींहून पत्रं गेली. पुढे ते सुटले. कोठडीत छळाची भीती पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असते. या माणसाचं नाव बाहेर माहीत आहे, हे तुरुंगाधिकाऱ्याला कळलं की त्याला गायब करणं अवघड जातं.

पत्रक एक-दोन पानांचं असतं. आधी शेवटची तारीख बघा. ती उलटल्यावर पाठवू नका, तोवर परिस्थिती बदललेली असते. मग कोणाला लिहायचं, कोणत्या भाषेत, मागणी काय. नमुना पत्र तसंच्या तसं चिकटवणं ही नेहमीची चूक. एकसारखे शेकडो ईमेल स्पॅममध्ये जाऊ शकतात. पहिली दोन वाक्यं तरी स्वतःची हवीत. विषयाच्या ओळीत कैद्याचं पूर्ण नाव, पत्रकातल्याच स्पेलिंगनं. भाषा अदबीची ठेवा. शिव्याशाप लिहिलेत तर पत्र बाजूला टाकायला आयतं निमित्त मिळतं. दुसरी प्रत त्या देशाच्या दिल्लीतल्या दूतावासाला स्पीड पोस्टानं पाठवा. पोचल्याची नोंद हाती राहते.

उणिवाही सांगायला हव्यात. भारतातल्या शाखेनं सप्टेंबर 2020 मध्ये काम थांबवलं, त्यामुळे अडलंनडलं विचारायला जवळ कोणी नाही. पत्रक मराठीत मिळत नाही, हे आम्हाला खरंच खटकतं. सेवा एकेका माणसासाठी चालते. हजारोंची धरपकड झाली की पत्रं तोकडी पडतात. मदत, व्यापार किंवा प्रतिष्ठेसाठी बाहेरच्यांवर अवलंबून असलेल्या सरकारवर दबाव चढतो, बाकीची ढिम्म राहतात. उलट ‘परकीय हात’ म्हणून आंदोलकांनाच बदनाम करायला तीच पत्रं वापरली जातात. म्हणून मागणी त्या देशाच्या स्वतःच्या राज्यघटनेवर आणि त्यानं सही केलेल्या करारांवर बेतावी.

तुमच्याकडे थेट माहिती असेल, तर संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांकडे (मानवी हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञांकडे) ऑनलाइन तक्रारही करता येते. मात्र तिथं पीडिताची किंवा घरच्यांची संमती आधी घ्या.