नमपायचं ‘ॲरे’ फंक्शन: नेस्टेड लिस्टसाठी पहिली पसंती, पण डीटाइप आपणच सांगावा

पायथनमध्ये नेस्टेड लिस्टचा, म्हणजे लिस्टच्या आत लिस्ट असलेल्या डेटाचा, संख्यांचा ॲरे करायचा म्हटलं की हात आधी नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या ‘एनपी डॉट ॲरे’कडे जातो, आणि ते योग्यच आहे. तीन ओळी, प्रत्येकीत चार आकडे अशी लिस्ट दिली की (३, ४) शेपचा, म्हणजे तीन ओळी आणि चार स्तंभांचा, ॲरे हातात येतो. आत आणखी एक थर असेल तर तिसरी मिती मिळते. ओळी सारख्या लांबीच्या आणि घटक खरोखर आकडेच असतील, तर तक्रारीला जागा नाही.

अडचण होते ती डीटाइपचा, म्हणजे घटकांच्या प्रकाराचा, अंदाज या फंक्शनवर सोडला की. पूर्णांकांच्या लिस्टमध्ये एकच २.५ आला तर अख्खा ॲरे फ्लोट६४ होतो, इथवर ठीक. पण सीएसव्हीतून वाचलेला एखादा आकडा स्ट्रिंग म्हणूनच राहून गेला, तर सगळे घटक स्ट्रिंग होतात, तेही एकही एरर न देता. डीटाइप ‘यू२१’ असा काहीतरी दिसतो आणि चूक उघडी पडते ती पुढे बेरीज करताना. लिस्टमध्ये ‘नन’ (पायथनची ‘काहीच नाही’ ही किंमत) असेल तर ऑब्जेक्ट डीटाइप मिळतो: दिसायला ॲरे, आत मात्र पायथनचेच ऑब्जेक्ट, म्हणजे वेग गेलाच.

डीटाइप फ्लोट म्हणून आधीच सांगितला तर ‘२.५’ ही स्ट्रिंग आकडा होते, ‘नन’च्या जागी नॅन (‘आकडा नाही’ अशी खूण) बसतो आणि रिकामी स्ट्रिंग आली तर तिथल्या तिथे व्हॅल्यूएरर येतो. हे वागणं मला फार आवडतं, कारण खराब डेटा दारातच अडतो. इंट सांगताना मात्र जपा: २.९ चा गुपचूप २ होतो, राउंडिंग होत नाही. ‘नन’ किंवा नॅन असेल तर इंट एरर देतो, म्हणून रिकाम्या जागा असलेल्या डेटाला फ्लोटच घ्यावा.

असमान लांबीच्या ओळी हा सगळ्यात जास्त छळणारा भाग. आवृत्ती १.१९ पासून यावर वॉर्निंग यायची आणि तरीही लिस्टांचा एकमितीय ऑब्जेक्ट ॲरे मिळायचा. १.२४ पासून थेट व्हॅल्यूएरर येतो, ‘इनहोमोजिनियस शेप’ असं म्हणत. जुना कोड यामुळे मोडतो, तरी हा बदल चांगलाच आहे. एरर आला की आधी सगळ्या ओळींच्या लांबींचा सेट काढा. त्यात एकाहून जास्त आकडे दिसले की कारण सापडलं. मग ‘एनपी डॉट फुल’ने (ओळींची संख्या, सर्वांत मोठी लांबी) या शेपचा, नॅनने भरलेला ॲरे करा आणि लूपमध्ये प्रत्येक ओळ तिच्या लांबीइतक्या स्लाइसमध्ये भरा. सरासरी ‘नॅनमीन’ने काढा, साध्या ‘मीन’ने उत्तर नॅन येईल.

डीटाइप ऑब्जेक्ट देऊन एरर गप्प करण्याचा उपाय बऱ्याच ठिकाणी सुचवला जातो. तो टाळा. एखाद्या दिवशी सगळ्या ओळी योगायोगाने सारख्या लांबीच्या आल्या की तोच कोड एकमितीऐवजी द्विमितीय ॲरे देतो आणि पुढचं सगळं चुकतं. ऑब्जेक्ट ॲरे हवाच असेल तर आधी ‘एनपी डॉट एम्प्टी’ने रिकामा करून मग एकेक लिस्ट आत ठेवा.

वेगाबद्दल थोडं. लिस्टमधला प्रत्येक घटक तपासून उतरवावा लागतो, त्यामुळे रूपांतर हीच महागडी पायरी. ती एकदाच करा. लूपमध्ये ‘एनपी डॉट अपेंड’ वापरणं सगळ्यात वाईट, कारण दर वेळी पूर्ण ॲरेची नवी कॉपी होते. त्यापेक्षा साध्या लिस्टमध्ये गोळा करून शेवटी रूपांतर करावं. मेमरीत मात्र फायदा मोठा: दहा लाख आकडे फ्लोट६४ मध्ये ८० लाख बाइट घेतात, फ्लोट३२ मध्ये त्याच्या निम्मे.

विंडोजवर आवृत्ती २.० च्या आधी पूर्णांकांचा डीफॉल्ट इंट३२ होता. तिथे मोठ्या बेरजा-गुणाकारांची उत्तरं इंट३२ मध्ये न मावल्याने ऋण येत असतील, तर इंट६४ स्पष्ट लिहून पाहा.