‘एरर कॉइन’चा १० नाण्यांचा लॉट मागवला, त्यातली ३ खरी निघाली

२ स्टार देतोय, आणि ते पण पॅकिंग चांगलं होतं आणि एका नाण्याने जीव खूश केला म्हणून. विक्रेत्याचं नाव टाकत नाही, असले लॉट सगळीकडे सेमच असतात. १२०० रुपयांत १० नाणी, ‘१००% ओरिजिनल मिंट एरर’ (म्हणजे टांकसाळीतच छापताना चुकलेली नाणी) असं लिहिलेलं, मी पण मोहात पडलो.

आल्यावर १०एक्स भिंग आणि सोनाराकडे असतो तसला छोटा वजनकाटा घेऊन बसलो. पहिली ४ नाणी एक रुपयाची, चौघांवर ‘डाय क्रॅक’ अशी चिठ्ठी. आता डायला, म्हणजे नाण्यावर छाप उमटवणाऱ्या ठशाला, तडा गेला की ठोका बसताना नाण्याचा धातू त्या तड्यात घुसतो, म्हणजे नाण्यावर रेघ उठून यायला पाहिजे. तिघांवर रेघ खाली गेलेली, नख फिरवलं की अडकतं, म्हणजे सरळ सरळ ओरखडा, कुणीतरी फरशीवर घासलेलं. चौथ्यावर मात्र काठापासून सिंहाच्या मागून जाणारी बारीक उठावाची रेघ आहे, ते खरं. फार किंमत नाही म्हणा त्याला.

दोन ५ रुपये ‘ब्रॉडस्ट्राइक’ म्हणून. म्हणजे ठोका बसताना नाण्याभोवतीची कॉलर, म्हणजे धातू पसरू न देणारं कडं, नव्हती त्यामुळे नाणं पसरलं. वजन बरोबर ६ ग्रॅम, व्यास २३ मिमीपेक्षा जास्त, मला वाटलं जमलं! पण खरं ब्रॉडस्ट्राइक पण पूर्ण वजनाचंच असणार ना, त्यामुळे इथे काटा काही कामाचा नाही. भिंगातून बघितलं तर दोन्ही बाजूंची अक्षरं चपटी झालेली, चिखलात पाय दिल्यासारखी. खऱ्यात अक्षरं स्वच्छ असतात, फक्त काठ गायब असतो. हे हातोडीचं काम.

सगळ्यात जास्त राग आला तो ‘लक्खी’चा, कारण त्याच्यासाठीच लॉट घेतला होता. लक्खी म्हणजे आधीचं नाणं डायलाच चिकटून राहतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याचाच छाप बसतो, त्यामुळे एका बाजूला सिंह उठावात आणि दुसऱ्या बाजूला तोच सिंह आरशातल्यासारखा उलटा आणि खोल. माझ्याकडे आलं ते जुनं ११ कोनी २ रुपये, भारताच्या नकाशावर उलटा सिंह दाबलेला आणि त्याच्याखाली नकाशा चपटा होऊन अजून दिसतोय! शेगड्यात (व्हाइसमध्ये) दोन नाणी एकमेकांवर ठेवून आवळली, बस. कोऱ्या चकतीवर नकाशा आधीच कुठून येणार भाऊ?

१० रुपयांची मधली चकती नसलेली रिंग पण तशीच. चकती नसताना ठोका बसला असता तर रिंगचा धातू आतल्या भोकात थोडा तरी पसरला असता. याची आतली कड सरळ, वर एका जागी हत्याराची खूण. म्हणजे नंतर ठोकून पाडलेली.

आता चांगलं. २०११ नंतरच्या सिरीजचं एक २ रुपये, काठाला चंद्रकोरीसारखा घास घेतलेला, वजन ४.८५ च्या जागी ४.४ च्या आसपास. कानशीने घासून पण वजन कमी होतंच, म्हणून घासाच्या बरोबर समोरचा काठ बघायचा. चकतीचा एक भाग आधीच कापला गेला असेल तर काठ वळवताना समोरच्या बाजूला दाब नीट बसत नाही, तिथला काठ फिका येतो. याचा आलाय! शिवाय घासाजवळची अक्षरं तुटलेली नाहीत, ओढल्यासारखी बारीक होत गेलीत. हे एकच नाणं मी अर्धा तास बघत होतो, बायको म्हणाली जेवायला येताय का आता.

शेवटचं एक रुपयाचं रोटेटेड, म्हणजे एका बाजूचा छाप दुसरीच्या मानाने फिरलेला. आपली नाणी वरखाली चिमटीत धरून पानासारखी उलटवली की दुसरी बाजू पण सरळच दिसते, याची जवळजवळ आडवी झाली. हे घासून ठोकून करताच येत नाही, म्हणून नवीन माणसाने सुरुवात यानेच करावी असं माझं मत.

विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं ‘सर कलेक्टर लोग लेते है’. रिटर्न नाही. घ्यायचंच असेल तर आधी दोन्ही बाजूंचा आणि काठाचा फोटो, शिवाय वजन मागा, टाळाटाळ केली तर सोडून द्या. ओरखडेवाले तीन रुपये भाजीवाल्या मावशींनी न बघताच घेतले, रिंग मात्र कोणी घेत नाहीये.