१००/१३० की १००/१५०? स्पिटफायर ९ साठी १९४४ चं पेट्रोल

विमान सिम्युलेटरमध्ये स्पिटफायर ९ हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान घेताना इंधनाच्या पर्यायावर (१००/१३० की १००/१५०, थोडक्यात १३० की १५०) अनेक जण अडतात. आकडा मोठा म्हणून १५० घेणं नेहमी बरोबर नसतं. पहिला आकडा पातळ (हवेत पेट्रोल कमी असलेल्या) मिश्रणातली ठोकारोधक क्षमता, म्हणजे इंधन अवेळी भडकून इंजिनात ठोके बसू न देण्याची ताकद सांगतो, दुसरा घट्ट (पेट्रोल जास्त असलेल्या) मिश्रणातली. म्हणजे फरक पडतो तो थ्रॉटल पूर्ण उघडून मिश्रण घट्ट झाल्यावरच.

ताकद: मर्लिन ६६ या त्याच्या इंजिनाला १३० वर कमाल +१८ पौंड बूस्ट (इंजिनात कोंबलेल्या हवेचा जादा दाब) मिळे, १५० वर +२५. जमिनीलगत वेग ताशी २० मैलांहून जास्त वाढे. व्ही-१ हे जर्मन उडते बॉम्ब दोन-तीन हजार फुटांवरून येत, तिथे हाच फरक निर्णायक होता. मात्र २५,००० फुटांवर सुपरचार्जरलाच (हवा कोंबणाऱ्या पंपालाच) तेवढा दाब देता येत नाही. तिथे १५० चा काही उपयोग नाही.

देखभाल: खरी अडचण इथेच. १५० मध्ये शिसं जास्त, शिवाय मोनोमिथाइल ॲनिलीन हे ठोकारोधक रसायन. मंद क्रूझवर तासन्‌तास उडालं की स्पार्क प्लगच्या टोकाशी शिशाचा थर बसतो, ठिणगी चुकते आणि इंजिन अडखळतं. उपाय म्हणजे मधूनमधून थोडा वेळ जोरात चालवून तो थर जाळणं. बॉम्बरसोबत लांब जाणाऱ्या अमेरिकन मस्टँगना हा त्रास फार झाला. १३० मध्ये ही कटकट कमी.

खालच्या उंचीवर पाठलाग करायचा असेल तर १५० घ्या. लांब गस्त किंवा उंचावरची सोबत असेल तर १३० पुरेसं आहे.