गिअरबॉक्स गेला म्हणून २,६०० डॉलर घेतले, बिघडला होता सेन्सर

आमची गाडी २००२ची डॉज ग्रँड कॅराव्हान, ऑटोमॅटिक गिअरची. जुनीच घेतलेली, दीड लाख मैलांच्या पुढे गेलेली. साताऱ्याहून आई-बाबा आमच्याकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला यायचे होते, त्याच आठवड्यात हायवेवर गाडीला दणका बसला. इंजिन ओरडायला लागलं, गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे जाईना आणि स्पीडोमीटरचा काटा शून्यावर आला. कडेला घेऊन बंद केली, परत चालू केली तर एकदम नीट. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

ओळखीच्यांनी एक गॅरेज सुचवलं. मालक हिंदी बोलणारा, चहा पाजला, आई-बाबा कधी येणार विचारलं. आपल्याकडचा माणूस म्हणून मी निर्धास्त झालो. काट्याचं सांगितलं, ते त्याने ऐकून सोडून दिलं. गिअरबॉक्सचं ऑईल बघायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, काढून पांढऱ्या टिश्यूवर टेकवली. तपकिरी डाग पसरत गेला. "वास घ्या. ऑईल जळलंय, आतले क्लच संपलेत. गिअरबॉक्स खोलून रिबिल्ड करावा लागेल, २,६०० डॉलर." त्या डागाने मी घाबरलो. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावलात का, एवढंही विचारलं नाही. १,५०० रोख दिले, पावती म्हणून कागदाचा कपटा मिळाला.

पाच दिवसांनी उरलेले पैसे देऊन गाडी आणली. आठवडाभर ठीक चालली. विमानतळावरून आई-बाबांना घरी आणताना रात्री पुन्हा काटा शून्यावर. मागून ट्रक हॉर्न देतायत आणि आई विचारतेय, "काय झालं रे?" तो प्रसंग मी विसरू शकत नाही. मालक म्हणाला, आता व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समध्ये ऑईलचा दाब वळवणारा भाग) गेली, आणखी ९०० लागतील.

तेव्हा दुसरीकडे गेलो. तिथल्या वयस्कर मेकॅनिकने आधी स्कॅनर लावला आणि पडदा माझ्याकडे वळवला: कोड पी०७२०, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा वेग मोजणारा आउटपुट स्पीड सेन्सर. या सेन्सरकडून आकडा आला नाही की ट्रान्समिशनचा कॉम्प्युटर गिअरबॉक्सला इजा होऊ नये म्हणून गाडी दुसऱ्या गिअरवर धरून ठेवतो. याला लिम्प मोड म्हणतात. किल्ली बंद करून चालू केली की तो सुटतो. स्पीडोमीटरही याच सेन्सरवर चालतो, म्हणजे मी पहिल्या दिवशी सांगितलेल्या काट्यातच उत्तर होतं.

मग त्याने गाडी वर घेतली. गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑईल पॅनच्या बोल्टांवर जुना तेलकट मळ जसाच्या तसा, पाना लागल्याची एक खूण नाही. गिअरबॉक्स खाली उतरलाच नव्हता.

गिअरबॉक्सच्या पुढच्या अंगाला इनपुट आणि आउटपुट असे दोन सेन्सर असतात, एकेक तीसेक डॉलरचा. एक इंची पान्याने काढून दोन्ही अर्ध्या तासात बदलले.

आणि तो डाग! या गाडीच्या गिअरबॉक्सला एटीएफ+४ नावाचं ऑईल लागतं. नवं असताना लाल, पण तो रंग टिकत नाही. वापराने तपकिरी होतं, वासही बदलतो. रंगावरून किंवा वासावरून ऑईलची अवस्था ठरवू नका, असं कंपनीच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. कुणी पॅन उघडून त्यातल्या लोहचुंबकावरची बारीक राखाडी पेस्ट दाखवली तरी दचकू नका, तेवढी झीज नेहमीची. टोकदार तुकडे किंवा चकत्या निघाल्या तर मात्र गंभीर. ऑईल टाकताना डब्यावर एटीएफ+४ आहे ना, तेवढं बघा. दुसरं टाकलं तर चांगला गिअरबॉक्सही झटके देतो.

कॅलिफोर्नियात गॅरेजला आधी लेखी एस्टिमेट द्यावं लागतं आणि तुमची मंजुरी घ्यावी लागते. गाडी दुरुस्तीला देतानाच मागितले तर काढलेले पार्टही परत द्यावे लागतात. गिअरबॉक्स खोलून बघायचं म्हणाले तर तो परत जोडायचा खर्चही एस्टिमेटमध्ये लिहून घ्या. मी यातलं काहीच केलं नव्हतं. गॅरेजांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे तक्रार केली. त्यांनी मध्यस्थी केली, पण माझ्याकडे तो कपटाच होता. ८०० डॉलर परत आले, बाकीचे गेले.

त्याच "संपलेल्या" क्लचवर गाडी पुढे आणखी दोन वर्षं चालली.