एटीव्हीचा बेल्ट स्लिप होतोय म्हणून ५३,८०० रुपयांना लुटलं, किनाऱ्यावर गाड्या चालवणाऱ्यांनी वाचाच

पर्यटकांना किनाऱ्यावर फिरवायच्या एटीव्हींवर, म्हणजे जाड टायरच्या, मोटारसायकलसारख्या चारचाकी गाड्यांवर माझं घर चालतं. डिसेंबरात, ऐन गर्दीच्या तोंडावर, त्यातली मोठी गाडी रेस घ्यायची पण ओढायची नाही. इंजिन बोंबलतंय, चाकं जागच्या जागी, आणि सीटखालून जळक्या रबराचा वास. सीव्हीटीचा (गिअरऐवजी पुढच्या-मागच्या दोन पुल्यांवर बेल्ट फिरवणारी यंत्रणा, या पुल्यांनाच आम्ही क्लच म्हणतो) बेल्ट स्लिप मारतोय हे मलाही कळत होतं. स्कूटरचे मेकॅनिक आमच्याकडे पायलीचे पन्नास आहेत, पण या गाडीला हात लावायला एकही तयार होईना. म्हणून धंद्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ज्याचा नंबर फिरत होता त्याला फोन केला. कंपनीत ट्रेनिंग झालंय म्हणाला, मुंबईकडे वर्कशॉप आहे म्हणाला, बोलणं मधाळ.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. तपासणीचे १,५००, टेम्पोचे ४,०००. गाडी तिकडे पोचल्यावर रात्री फोन: “साहेब, पुढचा-मागचा दोन्ही क्लच संपलेत. नुसता बेल्ट टाकला तर आठवड्यात जळेल.” क्लचचे ३२,०००, बेल्टचे ९,८००, मजुरी ६,५००. त्यातले ३५,००० तेव्हाच यूपीआयने घेतले, उरलेले १८,८०० गाडी टेम्पोतून उतरवायच्या आधी. बिल हवं तर अठरा टक्के वर. जो माणूस बिलाला असं उत्तर देतो त्याच्याकडून गाडी तशीच परत आणा, भाड्याचे पैसे गेले तरी चालतील.

आता तो व्हिडिओ. पैसे मागायच्या आधी त्याने पाठवला होता. हातात उघडा क्लच, झिजलेल्या पुलीवर बोट फिरवून दाखवतोय, “बघा साहेब, तुमच्या गाडीची हालत.” पुलीवर काळी कोरडी भुकटी होती, बाकी काही नाही. वाळूचा एक कण नाही, मिठाचा पांढरा थर नाही. दिवसभर लाटांच्या कडेने फिरणाऱ्या गाडीचा क्लच असा असूच शकत नाही. आमच्या गाड्यांचा साधा बोल्ट सोडवला तरी वाळू गळते! तो क्लच दुसऱ्याच कोणाच्या गाडीचा होता. मी तो व्हिडिओ रात्री मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर पाहिला. एकतीस डिसेंबरची बुकिंग घेतलेली, लोकांचे ॲडव्हान्स खिशात, अशा वेळी वाळूचे कण मोजत बसायला कोणाला सुचतं? हे लोक आपली अडलेली वेळ बघूनच भाव लावतात. आज तो व्हिडिओ बघितला की डोकं भणभणतं.

गाडी आली, चार दिवस बरी चालली आणि पुन्हा तोच वास. या वेळी होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या गावातल्या मुलाने माझ्यासमोर सीव्हीटीचं कव्हर उघडलं. आधी खालचा ड्रेन प्लग काढला तर बदाबदा खारं पाणी. हवेच्या होजचा क्लॅम्प सैल होता, तिथून पाणी आत जात होतं. क्लॅम्प ६० रुपयांचा. बेल्टवर ना पार्ट नंबर, ना दिशेचा बाण. रुंदी मोजायला व्हर्नियर लावला तर मॅन्युअलमधल्या किमान रुंदीपेक्षाही कमी, त्यामुळे पुलीत खोल बसलेला, बाजू काचेसारख्या चकाकत होत्या. आणि “नव्या” क्लचच्या कडेला टवका. तो टवका मागच्या वर्षी माझ्याच हातून पाना पडून उडाला होता! म्हणजे ३२,००० माझाच क्लच मला परत द्यायचे. जुना बेल्ट मागितला होता, तर “भंगारात गेला”. काढलेला पार्ट हातात आल्याशिवाय शेवटचा रुपया देऊ नका.

पोलीस ठाण्यात गेलो तर “गाडी मिळाली ना परत? मग फसवणूक कसली, हे दिवाणी प्रकरण.” दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब: “वर्कशॉप ज्या हद्दीत तिकडे जा.” तिकडे गेलो तर “पैसे जिथून पाठवले तिथे जा.” दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यायची असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय. ते कलम छापून नेलं, तर कागद बाजूला सरकवून चहा मागवला. माझा धंदा बुडतोय आणि यांना माझी कटकट वाटते! ग्राहक आयोगात बाहेरच्या बाहेर सांगितलं की गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही. साफ चूक. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच मानलंय, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कोणी तोंडी हाकललं तर हलू नका, लेखी कारण मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार टाकून नंबर घेऊन ठेवा.

बेल्ट स्लिप झाला की आधी ड्रेन प्लग काढा. पाणी निघालं तर गाडी न्यूट्रलला ठेवून थोडी रेस द्या, बेल्ट वाळू द्या, मग निर्णय घ्या. पुलीला ग्रीस, तेल, स्प्रे काहीही मारू देऊ नका. गाडी बाहेर पाठवायची वेळ आलीच तर क्लचवर आपली खूण करा, बेल्टच्या नंबरचा फोटो काढा.

मी तक्रार दाखल केली आहे, बेल्ट आणि व्हिडिओ पुराव्यात जोडला आहे. झिजलेली पुली, काळी भुकटी, बोट फिरवणारा हात आणि “बघा साहेब, तुमच्या गाडीची हालत” असा व्हिडिओ आणखी कोणाला आला असेल तर तारखेसकट मला पाठवा. एकच क्लच दोघांच्या नावावर दाखवलेला निघाला, तर दिवाणी प्रकरण म्हणून कोणाला टाळता येणार नाही.