सिडकोतलं किलोवरचं भरीत: कधी घ्यावं, कधी सोडावं

थंडी पडली की नाशकात सिडको, पवननगर, त्रिमूर्ती चौक या पट्ट्यात खान्देशी भरीत किलोवर मिळायला लागतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे जळगाव-धुळ्याकडची माणसं इथे मोठ्या संख्येने स्थिरावली आहेत, म्हणजे गिऱ्हाईक जाणकार, आणि त्याचा धाक विकणाऱ्याला असतो. तरीही दर्जात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. त्यामुळे पैसे देण्याआधी काय बघायचं, ते सांगतो.

आधी वांगं. खरं भरिताचं वांगं हिरवं, त्यावर पांढुरके पट्टे, आकाराने मोठं आणि बी अगदी कमी. यावल तालुक्यातलं बामणोद त्यासाठी प्रसिद्ध आहे. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. जांभळ्या-काळ्या वांग्याचंही भरीत होतं, पण त्याचा गर पाणचट निघतो आणि बी दाताखाली येतं. दुकानात कच्ची वांगी समोर मांडलेली असतील तर उचलून पाहा. आकाराच्या मानाने हलकं वांगं चांगलं. जड लागलं तर आत बी भरलेलं आहे असं समजा. फेब्रुवारी संपत आला की हिरव्या वांग्यातही बी निबर होतं आणि कडवटपणा उतरतो. मोसमाची खरी मजा नोव्हेंबर ते जानेवारी.

मग भाजणं, आणि इथेच निम्मी दुकानं घसरतात. गावाकडे वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. त्यांचा जाळ तेज आणि थोडा वेळ टिकणारा असतो, साल एकसारखी करपते आणि धुराचा वास गरात मुरतो. नाशकाच्या वस्तीत पऱ्हाट्या पेटवणं सोपं नाही, म्हणून काही जण मळ्यात भाजून आणतात, बाकीचे गॅस वापरतात. गॅसवरचं भरीत वाईटच असतं असं नाही. पण मोठी आच ठेवून घाई केली की साल काळी पडते आणि देठाजवळचा भाग कच्चा राहतो. चमच्याने दाबल्यावर पांढरट, कचकचीत तुकडा लागला तर तो हाच. सोलताना वांगी पाण्यात बुडवणारेही आहेत. साल झटकन निघते, पण धूरही धुऊन जातो. त्यापेक्षा सालीचे चार काळे कण राहिलेले परवडले.

ठेचण्याला पर्याय नाही. बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, दांड्याने कुटलेल्या भरिताचे धागे लांब राहतात, बोटांत धरलं तर ते सुटे दिसतात. मिक्सरमध्ये फिरवलेलं भरीत चिकट, राखाडी लगदा होतं. वरून कितीही फोडणी ओता, ते सुधारत नाही. असं दिसलं की सरळ पुढच्या दुकानात जावं.

किलोभर वांग्यांना चांगल्या दुकानातलं प्रमाण साधारण असं असतं: आठ-दहा लवंगी मिरच्या, बारा-पंधरा लसूण पाकळ्या, अर्धी वाटी शेंगदाणे, कांद्याच्या पातीची लहान जुडी आणि चार-पाच चमचे तेल. तेलात जिरं, मग शेंगदाणे तांबूस होईपर्यंत, मग मिरची-लसणाचा ठेचा, पात, आणि शेवटी भरीत. ते दोन-तीन मिनिटंच परतायचं, जास्त शिजवलं की पाणी सुटतं. हळद, टोमॅटो, लाल तिखट, गरम मसाला यातलं काहीही दिसलं तर ती वांग्याची भाजी आहे. इथे दोष थोडा आपलाही. मिसळीची सवय लागलेला नाशिककर भरितावरही तर्री मागतो आणि दुकानदार बिचारा देतो.

भावाचं गणित सोपं आहे. एक किलो वांगी भाजून सोलली की ६०० ते ७०० ग्रॅम गर हाती येतो. म्हणजे किलोभर भरिताला दीड किलोच्या आसपास वांगी लागतात, वर तेल, शेंगदाणे आणि मजुरी. त्यामुळे कच्च्या वांग्याच्या दुप्पट भाव मागितला तर तो रास्त आहे. त्याहून फारच स्वस्त मिळत असेल तर कांदा आणि तेल घालून वजन वाढवलंय का, ते बघा. माणशी २०० ते २५० ग्रॅम पुरतं.

सोबत कळण्याची भाकरी मागावी. ज्वारी आणि सालासकट उडीद, साधारण चारास एक, मिठासह दळलेलं पीठ. भाकरीवर उडदाच्या सालीचे काळे ठिपके दिसले की माल खरा. ती गरम असेल तरच घ्या, गार झाल्यावर चिवट होते. कळणा नसेल तर बाजरीची चालेल. पुरीची जोडी जळगावात लोकप्रिय आहे खरी, पण किलोवरच्या भरितात आधीच तेल असतं, त्यात पुरी फार जड पडते.

घरी न्यायचं असेल तर पात, कोथिंबीर आणि तळलेले शेंगदाणे वेगळे बांधून मागा. मीठ घातलेलं भरीत दोन-तीन तासांत पाणी सोडतं, शेंगदाणे मऊ पडतात आणि पातीमुळे ते लवकर आंबतं. उरलं तर फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत, त्यापुढे नाही. मायक्रोवेव्हपेक्षा लोखंडी कढईत चमचाभर तेलावर परतलं तर पाणी आटतं आणि चव बऱ्यापैकी परत येते. दहा-पंधरा माणसांसाठी हवं असेल तर आदल्या दिवशी सांगा आणि फोडणी न दिलेलं भरीत मागा. फोडणी घरी, पंगत बसल्यावर द्यावी. मार्च उजाडल्यावर मात्र याच दुकानांत शेवभाजी घ्यावी, तिला मोसम लागत नाही.